दुप्पट इंजिन, तोच ट्रॅक्टर

फोर्डचा ८-एन हा ट्रॅक्टर अमेरिकेत १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांहून अधिक बनला. लाल अंग, राखाडी पत्रा आणि वजन जेमतेम अकराशे किलो. त्याच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची मापं पाहण्यासारखी आहेत. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ९५ मिलिमीटरच्या किंचित वर. त्या काळातल्या फोर्ड आणि मर्क्युरी मोटारींत बसणाऱ्या ३.९ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची मापंही हीच. मोटारीचे आठ सिलिंडर निम्मे केले की ट्रॅक्टरचे चार होतात, इतका सरळ हिशेब. मग कुणाच्या तरी मनात उलटा हिशेब येणारच होता. ट्रॅक्टरमध्ये अख्खं व्ही-८ बसवलं तर?

सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत हे काम झालंही. त्यावरून सध्या एका मराठी घरात मामा आणि भाचीचा वाद रंगला आहे. मामा पुण्यात डिझेल इंजिनांच्या जुळणीवर आयुष्य घालवून सांगली जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलेले. भाची मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरीला कॅन्ससमध्ये. तिने १९४९ सालचा एक ८-एन विकत घेतला आहे आणि एका भंगारातल्या ट्रकमधून उतरवलेलं व्ही-८ही मिळवलं आहे. सुट्टीत गावी आल्यावर तिने मामांना फोटो दाखवले. बॉनेट, रंग, स्टिअरिंग यांवरून मामांनी भराभर बोट फिरवलं आणि ट्रॅक्टरच्या पोटाच्या फोटोवर थांबले.

“याला चेसिस कुठंय?”

“नाहीच, मामा.”

“मग तू काय बदलायला निघालीयस ते तुला कळलंय ना?”

मामांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं. मोटार किंवा ट्रक यांना लोखंडी सांगाडा असतो आणि इंजिन त्यावर रबराच्या आधारांनी ठेवलेलं असतं. ८-एनसारख्या ट्रॅक्टरला असा सांगाडाच नाही. पुढचा ॲक्सल इंजिनाला, इंजिन गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स मागच्या हाऊसिंगला बोल्टने आवळलेला. १९१७ च्या फोर्डसनने ही रचना जगभर पोचवली, कारण तिने लोखंड आणि खर्च दोन्ही वाचवले. इंजिनाखालचं तेलाचं भांडंही म्हणूनच जाड बिडाचं असतं. त्यात तेल राहतं आणि पुढच्या चाकांचे धक्केही तेच सोसतं. मोटारीच्या व्ही-८ चं तेलाचं भांडं मात्र पातळ पत्र्याचं. त्याच्यावर भार येईल असं ते बनवणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“म्हणजे इंजिन काढलंस की ट्रॅक्टर मधून दुभंगला,” मामा म्हणाले. “आणि नवं घातलंस तर ते मधे नुसतं लोंबणार. पहिल्या बांधावर पुढचं चाक आदळलं की ब्लॉकला तडा.”

भाचीला हे ठाऊक होतं. तिने पुढचा फोटो काढला. व्ही-८ च्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या पोलादी पट्ट्या, पुढच्या ॲक्सलपासून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंत. “भार या पट्ट्या घेतील. इंजिन त्यांच्यात बसेल, मोटारीत बसतं तसंच. आणि मामा, ही युक्ती माझी नाही. माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर दोन भावांनी हा उद्योग करून दाखवलाय.”

ते दोघे म्हणजे जो आणि हॉवर्ड फंक, जुळे भाऊ. मूळचे विमानवाले. १९३० च्या दशकात ओहायो राज्यातल्या ॲक्रन इथे त्यांनी दोन आसनांचं एक छोटं विमान तयार केलं, आणि त्याच्यासाठी महागडं विमानाचं इंजिन न घेता फोर्ड मोटारीचं चार सिलिंडरांचं इंजिन उलटं टांगून वापरलं. क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. पंखा उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचं दिसतं, म्हणून हा उलटेपणा. १९४१ मध्ये कंपनी कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावी गेली. युद्ध संपल्यावर छोट्या विमानांची बाजारपेठ बसली आणि कारखान्यापुढे कामाचा प्रश्न उभा राहिला. विमानात मोटारीचं इंजिन बसवणाऱ्या हातांनी मग ट्रॅक्टरमध्ये मोटारीचं इंजिन बसवायला घेतलं. फोर्डच्या ट्रॅक्टरांसाठी त्यांनी दोन प्रकारचे संच विकले, एक फोर्डच्या ३.७ लिटर सहा सिलिंडरी इंजिनासाठी आणि दुसरा व्ही-८ साठी. व्ही-८ ला जागा करायला बॉनेट वर उचलावं लागे, त्यामुळे फंकचा ट्रॅक्टर लांबूनच ओळखू येतो. नाक वर केल्यासारखा दिसतो तो.

कारखाना पुढे गिअरबॉक्स बनवू लागला. १९८९ मध्ये जॉन डिअरने तो घेतला आणि कॉफीव्हिलमध्ये आजही जॉन डिअरचे ट्रान्समिशन तयार होतात. त्याच जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. भाचीने हा धागा मुद्दाम ओढला, कारण मामांच्या गावातल्या निम्म्या अंगणांत हिरवे ट्रॅक्टर उभे आहेत.

मामा फंक बंधूंचं सगळं मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “विमानवाले होते म्हणून जमलं त्यांना. विमानात एकेक बोल्ट कुठला भार घेतो ते मोजल्याशिवाय माणूस आत बसत नाही. आपल्याकडं वेल्डिंगचा रॉड पेटला की झालं इंजिनिअरिंग.”

“मीही मोजूनच करणार आहे.”

“मोज की. पण मग सगळंच मोज. इंजिनापाशी थांबू नकोस.”

इथून पुढे वादाला खरी धार आली. मामांनी जुन्या कॅलेंडरचं मागचं पान घेतलं आणि हिशेब मांडला. तो इथे सावकाश द्यायला हवा, कारण मोठ्या इंजिनाची स्वप्नं बहुतेक वेळा याच हिशेबावर अडतात.

एक हॉर्सपॉवर म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर काम. नांगरटीचा वेग धरा ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. ८-एनचं मूळ इंजिन पंचवीस-सत्तावीस हॉर्सपॉवरचं. त्यातली २० जरी नांगरापर्यंत पोचली असं मानलं तरी या वेगाला १,०८० किलोंची ओढ लागेल. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन अकराशे किलो. नांगरलेल्या भुसभुशीत रानात रबरी टायर आपल्यावरच्या भाराच्या साधारण निम्मी, फार तर थोडी जास्त ओढ धरू शकतो. मग सहाशे किलोंच्या आसपास चाक जागेवर गरगरायला लागतं. तेव्हा हळू नांगरटीत मूळच्या छोट्या इंजिनाचीही सगळी ताकद जमिनीत उतरत नाही.

“आता तुझं व्ही-८ घे,” मामा म्हणाले. “किती देईल?”

“मोटारीत १०० हॉर्सपॉवर होती. पण ती मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना. ट्रॅक्टरच्या २,००० फेऱ्यांवर पासष्ट-सत्तर.”

“साठ नांगरापर्यंत पोचली म्हणू. पाचच्या वेगानं ओढ येते सव्वातीन टन. व्ही-८ धरून सव्वा टनाचा ट्रॅक्टर सव्वातीन टन ओढणार कसा? उलटं कर. सहाशे किलोच ओढायचे आणि साठही वापरायचे, तर वेग किती?”

भाचीने मनात भागाकार केला. “ताशी २७ किलोमीटर.”

“नांगरशील सत्तावीसनं? त्या ट्रॅक्टरचा चौथा गिअरसुद्धा एवढा पळत नसेल.”

नाहीच पळत. हा आकडा कागदावर आल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. ताकद इंजिनात असते आणि ओढ वजनात असते, हे कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला चिखलात रुतल्या दिवशी कळतं. पण ते आकड्यांत इतकं नागडं क्वचित दिसतं. मामांनी एकच दाखला दिला. घरात खिलार जोडी आणली तरी जू, जोखड आणि नांगर जुन्या गावरान बैलांचाच ठेवला, तर मोडणार काय ते सांगायला पंचांग लागत नाही.

पण भाचीचीही बाजू कच्ची नव्हती. ती म्हणाली की मामा नांगरालाच धरून बसलेत. चाकातून जाणाऱ्या ताकदीला वजनाची मर्यादा आहे. पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्यातून जाणाऱ्या ताकदीला ती नाही. मळणी, गवताच्या गाठी बांधणं, पंप, लाकूड कापायचा करवत, या कामांत ट्रॅक्टर जागेवर किंवा सावकाश चालतो आणि इंजिन जितकं दमदार तितकं काम उरकतं. फंकच्या गिऱ्हाइकांना जुन्या इंजिनाची जी धाप जाणवत होती ती अशाच कामांत, आणि चढावर भरलेली गाडी ओढताना. शिवाय दुप्पट टॉर्क हाताशी असला की मोठं इंजिन निम्म्या दमात चालतं, गव्हर्नरला सारखं धावावं लागत नाही.

“पीटीओचा दांडा केवढा आहे?” मामांनी विचारलं.

“सव्वा इंचाला थोडा कमी. एक आणि एक अष्टमांश.”

“बाकीच्या दुनियेत?”

“एक आणि तीन अष्टमांश.”

मामांनी पान उलटवलं. १९४० च्या दशकात फर्ग्युसन आणि फोर्डच्या ट्रॅक्टरांचा दांडा हा असा बारीकच होता, पंचवीस हॉर्सपॉवरसाठी पुरेसा. नंतर सगळ्यांनी जाड दांडा स्वीकारला. आजही जुन्या ८-एनला नवं अवजार जोडायचं तर मधे जोडतुकडा घालावा लागतो. त्या बारीक दांड्यातून दुपटीहून जास्त पीळ रोज पाठवायचा, तर आधी दांड्याचा आणि त्यामागच्या गिअरचा विचार हवा. भाचीने हे मान्य केलं. तिच्या यादीत क्लच होता, रेडिएटर होता, हा दांडा नव्हता.

रेडिएटरवरून मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. फोर्डच्या त्या जुन्या व्ही-८ ची खोड जगजाहीर आहे. त्याच्या जळलेल्या वायूच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यातून जातात, म्हणून धुरासोबत बाहेर जायला हवी ती उष्णता पाण्यात उतरते. मोटार पळत असते तेव्हा समोरून वारा येतो. ट्रॅक्टर भर उन्हात ताशी पाच किलोमीटरने चालतो, वारा फक्त पंख्याचा. तेव्हा मोठा रेडिएटर, मोठा पंखा आणि त्यांच्यासाठी जागा. तसंच गव्हर्नरचं. मोटारीत फेऱ्या चालकाचा पाय ठरवतो, ट्रॅक्टरमध्ये जमीन कधी कठीण कधी मऊ आली तरी फेऱ्या स्थिर ठेवणारा गव्हर्नर लागतो. हे सगळं मिळतं किंवा करता येतं. यावर वाद नव्हता.

वाद होता तो नेमकं काय सिद्ध करायचं आहे यावर.

भाचीने इतिहासाचा आधार घेतला. ती म्हणाली, शेतकऱ्यांनी आणि कारखान्यांनी ट्रॅक्टरची इंजिनं बदलली नसती तर ट्रॅक्टर पुढे गेलाच नसता. तिने इंग्लंडमधल्या फोर्डसन मेजरचं उदाहरण दिलं. ई-२७-एन हे त्याचं नाव. डॅगनहॅमला १९४५ पासून बनणारा, २७ हॉर्सपॉवरचा, पेट्रोलवर सुरू होऊन मग ट्रॅक्टरच्या खास रॉकेलसारख्या तेलावर चालणारा. पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीने त्याच्यात आपलं पी-६ हे सहा सिलिंडरी, ४.७ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. ताकद ४५ हॉर्सपॉवरवर गेली आणि इंधनाचा खर्च उतरला. ही जोडी एवढी पसंत पडली की फोर्डने ती स्वतःच्या कारखान्यातून पर्याय म्हणून द्यायला घेतली. त्या ट्रॅक्टरांवर पर्किन्सची चार वर्तुळांची खूण असे. “बघा, मामा. मोठं इंजिन, जुनाच ट्रॅक्टर, आणि मोडला नाही.”

“का मोडला नाही ते सांग ना,” मामा म्हणाले. “त्याचा मागचा भाग आधीच बदलला होता. जुन्या फोर्डसनला मागं वर्म गिअर होता, मेजरला क्राऊन-पिनियन आला. वजनही तुझ्या ८-एनच्या दुपटीच्या घरात. इंजिन वाढलं ते दणकट मागच्या अंगावर वाढलं.”

या देवाणघेवाणीत मामा रंगात आले, कारण पर्किन्स हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पर्किन्सच्या परवान्याने चेन्नईच्या सिम्प्सनने भारतात इंजिनं बनवली, आणि १९६० मध्ये चेन्नईतच सुरू झालेल्या टॅफेच्या ट्रॅक्टरांतून ती महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली. मामांनी त्यातली एक वानगी पुढे केली. मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरला सुरुवातीला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरी, २.२६ लिटरचं डिझेल होतं. इंग्लंडच्या थंडीत ते सकाळी सुरू करणं ही शिक्षा होती. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ३५ मध्ये पर्किन्सचं तीन सिलिंडरी, अडीच लिटरचं इंजिन घातलं. एक सिलिंडर कमी, घनफळ थोडं जास्त, आणि ट्रॅक्टर सकाळी पहिल्या झटक्यात बोलू लागला. गिअरबॉक्स, मागचा भाग, चाकं जवळपास तीच. भारतात आजही धावणाऱ्या एमएफ १०३५ चं घराणं तेच.

“इंजिन असं बदलायचं,” मामा म्हणाले. “सव्वादोनचं अडीच. दोनाचं चार नव्हे.”

फोर्डनेही तेच केलं होतं, हे मामांना माहीत नव्हतं. भाचीनेच प्रामाणिकपणे सांगितलं. १९५३ मध्ये, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी, ८-एनच्या जागी नवा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याचं इंजिन १.९६ लिटरवरून २.२ लिटर झालं, म्हणजे आठवा हिस्सा वाढ. तेवढ्यासाठीही इंजिन मुळापासून नवं होतं, ट्रॅक्टर काही इंच लांब आणि वजनाने जास्त होता, हायड्रॉलिक पंपही बदलला होता. ज्यांच्याकडे व्ही-८ चा कारखाना होता त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरला व्ही-८ दिलं नाही.

प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट या सगळ्या वादातली सर्वांत बोलकी वाटते. फोर्डला व्ही-८ बसवणं अशक्य होतं म्हणून हे घडलं नाही. ट्रॅक्टरचं मूळ माप बदलायचं तर टायर, वजन, गिअर, किंमत सगळं एकत्र बदलावं लागतं आणि मग तो दुसराच ट्रॅक्टर होतो, हे त्यांनी जाणलं होतं. आणि तरीही फंक बंधूंच्या संचाला गिऱ्हाईक मिळालं, हेही तितकंच खरं. कारखान्याच्या सरासरी शेतकऱ्यापलीकडे काही शेतकरी असतात. त्यांच्याकडे नवा मोठा ट्रॅक्टर घ्यायचे पैसे नसतात, पण जुना ८-एन असतो आणि काम दुप्पट असतं. त्यांच्या गरजेची चेष्टा करणं सोपं आहे. ती गरज मात्र खरी होती.

त्या गरजेला उत्तर द्यायच्या वाटाही अनेक होत्या. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात जॉर्ज प्रायर नावाच्या शेतकऱ्याने १९५० च्या दशकात दोन फोर्डसन ट्रॅक्टर एकामागे एक जोडले. पुढची चाकं दोघांचीही काढून टाकली, मधे सांधा ठेवला, दोन इंजिनं आणि चार मोठी ओढणारी चाकं. अर्नेस्ट डो अँड सन्स या विक्रेत्याने हीच रचना पुढे ‘ट्रिपल-डी’ म्हणून बनवून विकली. शंभर हॉर्सपॉवर, आणि ती जमिनीत उतरवणारं वजनही सोबत. मामांना हा प्रयोग ऐकून मनापासून आनंद झाला. एका इंजिनाला फुगवण्याऐवजी ओढणारे पायच दुप्पट केले, हे त्यांच्या हिशेबात चोख बसत होतं.

याच अंगाने जाणारा दुसरा दाखला भाचीने दिला, आणि तो तिच्याच विरुद्ध जातो हे तिला सांगतानाच कळलं. सर एडमंड हिलरी १९५८ च्या ४ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरांवर. मोठी इंजिनं त्यांना बसवली नव्हती. बदल केला तो चाकांत. चाकांभोवती पट्टे चढवले, म्हणजे बर्फावर पकड येईल. ताकद तीच, फक्त जमिनीशी धरलेला हात बदलला.

“बघ,” मामा म्हणाले.

“बघतेय,” भाची म्हणाली. “पण मामा, मला नांगरायचं नाहीये. ध्रुवावरही जायचं नाहीये. मला फंकच्या संचासारखा ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचाय. तो इतिहास आहे. कॅन्ससच्या जत्रेत लोक मूळ रंगाचे, मूळ बोल्टांचे ८-एन घेऊन येतात. पाच लाखांहून जास्त बनले, त्यातला आणखी एक माझा. फंकसारखे किती उरलेत?”

हा तिचा सर्वांत भक्कम मुद्दा होता. जुनी यंत्रं जपणाऱ्यांत एक पंथ असा आहे की जे कारखान्यातून जसं बाहेर पडलं तसंच राहावं. पण शेतातला ट्रॅक्टर कधीच तसा राहिला नाही. कुणी त्याला शर्मन कंपनीचा जादा गिअरबॉक्स जोडला, कुणी लायनर काढून मोठे पिस्टन घातले, कुणी टायरांत पाणी भरलं, कुणी मागच्या चाकांना काँक्रीटची वजनं ओतली. या फेरफारांत त्या काळच्या शेतकऱ्यांची अडचण, हुशारी आणि पैशाची तंगी वाचता येते. ते सगळं खरवडून काढून ट्रॅक्टर कोरा केला, तर रंग मिळतो, पण चरित्राची पानं जातात. प्रस्तुत लेखक या मुद्द्यावर भाचीच्या बाजूने आहे. फंकचा व्ही-८ ट्रॅक्टर हा ८-एनइतकाच अस्सल वारसा आहे.

मात्र आजचा फेरफार आणि १९५० चा फेरफार एकच नव्हे. तेव्हा काम अडलं होतं म्हणून इंजिन बदललं. आज हौस आहे म्हणून बदलायचं. हौसेला जास्त कडक नियम हवेत, कारण तिला घाई नसते. मामांनी हाच धागा पकडला आणि विचारलं, “नंबर कुठं आहे या ट्रॅक्टरचा?”

भाची थबकली. ८-एनचा क्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो, ८-एन अशा अक्षरांनी सुरू होणारा, दोन्ही बाजूंना चांदणी. ट्रॅक्टरवर दुसरीकडे कुठेही तो नाही.

“म्हणजे इंजिन उतरवलं की ट्रॅक्टर बिननावाचा,” मामा म्हणाले. “आपल्याकडं आरसी बुकात इंजिन नंबर वेगळा, चेसिस नंबर वेगळा. इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन नोंद करावी लागते. तिथं कोण विचारत नसेल, पण म्हणून जुनं इंजिन भंगारात घालू नकोस.”

भारतात हा प्रश्न भावनेचा राहत नाही, कायद्याचा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या वाहनात कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. त्याच जातीचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलायला परवानगीची वाट आहे. दुप्पट इंजिनाला ती नाही. ट्रॅक्टरही याच कायद्याखाली येतो. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टर रोज पाहणाऱ्या मामांना यामागचं कारण समजावून द्यावं लागत नाही. मोठं इंजिन बारा टनांची ट्रॉली चढावर ओढेलही. उतारावर ती थांबवायची ती मात्र जुन्याच ब्रेकने. शेतातला हिशेब चुकला तर चाक फिरतं, रस्त्यावरचा चुकला तर समोरून सायकलवर येणारं पोर जातं. या बाबतीत मामांच्या बोलण्यात तडजोडीला जागा नव्हती आणि नसावी.

एक गोष्ट मामांना विशेष भावली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९१९ मध्ये कायदाच झाला की ट्रॅक्टर विकण्याआधी त्याची चाचणी व्हायला हवी. विल्मोट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने आधी एक ट्रॅक्टर घेतला होता. त्यावर ‘फोर्ड’ असं नाव होतं, पण हेन्री फोर्डशी त्या कंपनीचा काही संबंध नव्हता. ट्रॅक्टर जाहिरातीच्या जवळपासही पोचेना. क्रोझियर पुढे विधिमंडळात गेला आणि त्याने हा कायदा पुढे रेटला. तेव्हापासून लिंकन शहरातल्या विद्यापीठात ट्रॅक्टरांच्या नमुन्यांची ओढ, इंधन आणि हॉर्सपॉवर मोजून छापली जाते. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनी इथल्या संस्थेत असंच काम चालतं. मामांच्या मते क्रोझियरचं नाव ट्रॅक्टरवाल्यांनी फोर्डइतकंच लक्षात ठेवायला हवं. आकडा छापील हवा, तोंडी नको.

त्यातूनच दोघांच्या बोलण्यात एक व्यवहारी वळण आलं. भाचीने ठरवलं की व्ही-८ बसवण्याआधी जुन्याच इंजिनाचं काम करायचं. लायनर, पिस्टन, झडपा, सगळं नवं. मग पीटीओला डायनामोमीटर लावून मूळ इंजिन खरोखर किती देतं ते मोजायचं. व्ही-८ नंतर तेच मोजमाप, त्याच २,००० फेऱ्यांवर. पोलादी पट्ट्या बोल्टने बसवायच्या, बिडाचा एकही तुकडा कापायचा नाही, जुन्या भोकांशिवाय नवं भोक पाडायचं नाही. म्हणजे उद्या कुणाला ट्रॅक्टर पूर्वीसारखा करायचा असेल तर दोन दिवसांत होईल.

मामांनी आपली यादी वेगळी लिहून दिली आणि तीही इंजिनाची नव्हती. बेल हाऊसिंगच्या तोंडाला डायल गेज लावून ते क्रँकशाफ्टशी समकेंद्री आहे का ते पाहणं. फ्लायव्हीलच्या पृष्ठापासून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या टोकापर्यंतचं अंतर. शाफ्टच्या टोकाचं बेअरिंग नव्या क्रँकमध्ये घट्ट बसतं का. मिलिमीटरच्या शतांशाच्या भाषेत हे जुळलं नाही, तर क्लच ओढून सुटत राहील, शाफ्ट तिरका फिरेल आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग पहिल्याच हंगामात खुळखुळेल. मग व्ही-८ कितीही गोड वाजलं तरी उपयोग नाही.

“आणि हे सगळे आकडे बरोबर आले तर?” भाचीने विचारलं.

“तर पुढचं बोलू. फोटो नको पाठवू, आकडे पाठव. आणि जुनं इंजिन तेल लावून पेटीत ठेव, विकू नकोस.”

“आणि तरी तुम्ही म्हणणार की व्ही-८ नको.”

“म्हणणारच की. नांगरायचा असेल तर नकोच.”